‘टूर रद्द करा’ असं लिहू नका

प्रश्न : आम्ही मुलुंडला राहतो. डिसेंबरात आमच्या लग्नाला २५ वर्षं होतील. लग्नाआधी दोघं गोराईच्या बोटीने एस्सेलवर्ल्डला गेलो होतो, तेव्हापासून एकदा डिस्नेलँड बघायचं मनात आहे. दादरला एका पर्यटन प्रदर्शनात ‘फक्त दोघांसाठी! हाँगकाँग डिस्नेलँड, विमानासह, माणशी ५४,९९९’ असा बोर्ड दिसला. स्टॉलवरच्या मुलाने पार्कचे दोन दिवस सांगितले. आम्ही ४०,००० रुपये अॅडव्हान्स यूपीआयने भरला, तोही मालकांच्या स्वतःच्या नंबरवर. आता हिशेब आलाय त्यात माणशी ६८,९९९ लावलेत. बोर्डावरचा दर म्हणे ‘ट्रिपल शेअरिंग’चा होता. पार्क एकच दिवस, दुसऱ्या दिवसाचे माणशी ९,५०० वेगळे. ‘व्हिसा व हँडलिंग’ माणशी ४,५००. वर जीएसटी आणि टीसीएस (आगाऊ गोळा केला जाणारा आयकर). एवढं आम्हाला झेपणार नाही. पैसे परत मागितले की पावतीवरच्या ‘नॉन-रिफंडेबल’ शिक्क्याकडे बोट दाखवतात. ४०,००० वर पाणी सोडायचं का?
– एक वाचक भगिनी, मुलुंड

उत्तर : ताई, पाणी अजिबात सोडायचं नाही. पण आधी एक बघा. ‘आमची टूर रद्द करा’ असा मेसेज किंवा मेल तुम्ही किंवा यजमानांनी त्यांना पाठवलाय का? पाठवला नसेल तर पाठवू नका. माझ्याकडे टूरच्या तक्रारी घेऊन जी माणसं येतात, त्यातली निम्मी रागाच्या भरात हेच वाक्य लिहून बसलेली असतात आणि मग समोरचा वकील पहिल्याच तारखेला तो मेसेज ग्राहक आयोगापुढे ठेवतो.

कॅन्सलेशनची अट कशासाठी असते? ग्राहकाने आपल्या कारणाने माघार घेतली, रजा मिळाली नाही, घरात आजारपण निघालं, तर कंपनीचं नुकसान भरून यावं म्हणून. तुमचं तसं काहीच झालेलं नाही. तुम्ही आजही ठरलेल्या दरात जायला तयार आहात. ठरलं ते द्यायला नकार त्यांचा आहे. म्हणजे करार मोडला त्यांनी. सगळा दावा या एका गोष्टीवर उभा आहे, तेव्हा तोंडी, लेखी, फोनवर, कुठेही ‘रद्द’ हा शब्द तुमच्याकडून जाऊ देऊ नका.

आता आकडे बघू. बोर्डाप्रमाणे दोघांचे होतात १,०९,९९८. नव्या हिशेबात दुसरा दिवस धरला तर कर सोडून १,६५,९९८. फरक बरोबर ५६,००० चा. यात सगळ्यात लंगडा खुलासा ‘ट्रिपल शेअरिंग’चा आहे. एका खोलीत तिघं राहिली तरच जो दर लागतो, त्या बोर्डावर ‘फक्त दोघांसाठी’ लिहायचं कसं? तळाशी चांदणी टाकून बारीक अक्षरात काहीही छापलेलं असो, ठळक अक्षरांनी दिलेला शब्द बारीक अक्षरांनी काढून घेता येत नाही, अशी बाजू आपल्याला ठामपणे मांडता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(२८) मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. आधी कमी किंमत दाखवायची आणि मग एकेक रक्कम चढवत न्यायची, या प्रकाराला केंद्राच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’ (ग्राहकाला चकवणाऱ्या युक्त्या) मार्गदर्शक तत्त्वांत ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हटलंय.

तुम्ही सोबत जोडलेला व्हॉट्सअॅपचा फोटो मी दोनदा वाचला. पैसे भरायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही विचारलंय, ‘आम्ही दोघंच आहोत, हाच रेट ना?’ आणि उत्तर आलंय, ‘हो ताई, दोघांना हाच रेट, टेन्शन घेऊ नका.’ ताई, तुमच्या फाइलीतला सगळ्यात मोलाचा कागद हाच. नुसत्या स्क्रीनशॉटवर थांबू नका. ते सगळं संभाषण ‘एक्सपोर्ट चॅट’ करून स्वतःच्या मेलवर पाठवा आणि तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका. पुढे पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा.

शिक्क्याचं काय? पावती तुमच्या हातात आली पैसे गेल्यावर. सौदा आधी झाला, अट मागून आली. मात्र स्टॉलवर तुम्ही बुकिंग फॉर्मवर सही केली असेल आणि त्यात हीच अट असेल, तर आपली बाजू थोडी कमकुवत होते. फॉर्मची प्रत मागून घ्या. तरीही भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ आहेच. दंडाची रक्कम करारात लिहिली म्हणून ती सगळी आपोआप मिळत नाही, वाजवी भरपाईच मिळते. तुमच्या नावाने अजून विमानाचं तिकीट निघालेलं नाही, हॉटेलही पक्कं नाही. मग ४०,००० चं नुकसान झालं कुठे, हे त्यांना दाखवावं लागेल.

व्हिसाची ओळ वाचून मात्र मला खरंच वाईट वाटलं. भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगला १४ दिवसांपर्यंतच्या भेटीला व्हिसा लागत नाही. जानेवारी २०१७ पासून तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर पूर्वनोंदणी करावी लागते. ती फुकट आहे. नाव, पासपोर्ट क्रमांक वगैरे भरलं की बहुतेकांना निकाल लगेच दिसतो आणि ती चिठ्ठी छापून सोबत न्यायची असते. नोंदणी सहा महिने चालते, म्हणून फार आधी करू नका. फॉर्म भरून देण्याचे पैसे एजंटने घेतले तर तो त्याचा धंदा आहे, पण ते ‘सेवाशुल्क’ म्हणून सांगून घ्यावेत. फुकटच्या नोंदणीला ‘व्हिसा’ नाव देऊन दोघांकडून ९,००० घेणं बरोबर नाही.

टीसीएसवर मात्र रागावू नका. परदेशी टूर पॅकेजवर तो कापणं त्यांना कायद्यानेच भाग आहे. ती रक्कम तुमच्या पॅनवर जमा होते, आयकर पोर्टलवरच्या तुमच्या कर-नोंदीत दिसते आणि रिटर्न भरताना वळती होते किंवा परत मिळते. जीएसटीही आकारावाच लागतो. नोटिशीत या दोन ओळींवर आक्षेप घेतलात तर बाकीच्या खऱ्या मुद्द्यांचं वजन कमी होईल.

अॅडव्हान्स मालकांच्या खासगी नंबरवर गेला, याने दावा बुडत नाही. कंपनी आणि मालक, दोघांना विरुद्ध पक्ष करा. पावती कंपनीच्या नावाची आहे आणि बँक स्टेटमेंटवर व्यवहाराचा क्रमांक आहे, एवढं पुरेसं आहे. रीतसर बिल न देणं हीदेखील कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे.

नोटीस तुम्हीच लिहा, वकिलाची गरज नाही. मजकूर साधारण असा ठेवा :

‘आपल्या प्रदर्शनातील जाहिरात आणि अमुक तारखेचा व्हॉट्सअॅप संदेश यांनुसार दोन व्यक्तींसाठी माणशी ५४,९९९ रुपये, पार्कचे दोन दिवस, विमानासह असे ठरले. त्यावर विसंबून आम्ही ४०,००० रुपये दिले. ठरलेल्या दरात प्रवास करण्यास आम्ही आजही तयार आहोत. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत आपण त्याच दरात लेखी पुष्टी द्यावी. ती न दिल्यास आपण करार पाळण्यास नकार दिला असे समजून संपूर्ण रक्कम परत मागण्याचा आमचा हक्क राहील.’

ही मेलने पाठवाच आणि स्पीड पोस्टानेही पाठवा. पोस्टाची पावती जपून ठेवा.

१५ दिवसांत काही हललं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येतं. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. विलेपार्ल्याच्या मुंबई ग्राहक पंचायतीतही अशा तक्रारींवर मार्गदर्शन मिळतं. तरी नाहीच जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं ऑफिस दादरला असलं तरी तुम्हाला तिकडे जायची गरज नाही. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तुम्ही वांद्रे पूर्वेच्या मुंबई उपनगर जिल्हा आयोगात. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने फी शून्य. ऑनलाइन दाखल करता येते, स्वतः उभं राहता येतं, व्हिडिओवर सुनावणी मागता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. कायदा तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा धरतो. प्रत्यक्षात जास्त लागतात, तशी मनाची तयारी ठेवा.

इथे एक बारीक मेख आहे. तक्रारीत ‘ही अट म्हणजे अनुचित करार आहे, ती रद्दबातल ठरवा’ असं मुख्य मागणं घालू नका. अनुचित कराराच्या तक्रारी कायद्याने राज्य आयोगाकडे जातात आणि जिल्ह्यात तेवढ्यावरच आक्षेप येऊन महिने वाया जातात. ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हे दोन शब्द धरा. मागणी ठेवा ४०,००० व्याजासह, शिवाय मानसिक त्रासाची भरपाई आणि खर्च.

शेजारच्यांनी पोलिसांत जायचा सल्ला दिलाय, असं तुम्ही लिहिलंय. मी आत्ता तो देणार नाही. फसवणुकीच्या गुन्ह्याला सुरुवातीपासूनच फसवायचा इरादा दाखवावा लागतो. ज्यांचं ऑफिस चालू आहे, ज्यांच्या सहली खरोखर निघतात, त्यांच्याबाबतीत पोलीस तुम्हाला दिवाणी वाद म्हणून परत पाठवतील. दुकान बंद करून ते गायब झाले, तर गोष्ट वेगळी. मग त्याच दिवशी ठाणं गाठा.

आणि डिसेंबरचं? वादाचा निकाल लागेपर्यंत त्यांच्याकडे एक रुपयाही भरू नका. तुम्ही दोघंच आहात, लेकरंबाळं सोबत नाहीत, मग ही सहल एजंटाशिवायही जमते. पार्कची तिकिटं डिस्नेलँडच्या स्वतःच्या साइटवर तारखेनुसार मिळतात. डिस्नेलँडचं हॉटेलच हवं असा हट्ट सोडून शहरात राहिलात तर मेट्रोने सनी बे स्टेशनला गाडी बदलून थेट पार्कच्या दारात उतरता येतं. विमान आणि हॉटेल बुक करताना शेवटच्या पानावरची एकूण रक्कम आणि रद्द करण्याची अट दिसली की पैसे भरण्याआधी त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

नोटीस गेल्यावर मालकांचा फोन येईल. ‘ताई, पाच हजार कापून बाकीचे देतो, मिटवून टाका’ असं म्हणतील. पाच हजारांवर मिटवायचं की नाही हे तुम्ही दोघांनी ठरवा. मला विचाराल तर तो तोडगा वाईट नाही. फक्त फोनवर हो म्हणू नका. ‘हेच व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा’ एवढं सांगा, आणि पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय ‘काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही करू नका.