‘हवेवर चालणारे इंजिन’ म्हणावे का?

खानापूर भागातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर मुलांनी अंतराळविमानाच्या एअर-ब्रीदिंग इंजिनाला ‘हवेवर चालणारे इंजिन’ असं लिहिलंय, ते चालेल का? शिवाय प्रपल्शनला, म्हणजे यान पुढे ढकलण्याच्या क्रियेला, ‘प्रणोदन’ लिहायचं की ‘प्रचालन’?

बाई, ‘हवेवर चालणारे’ आधी खोडायला सांगा. मराठीत ‘अमक्यावर चालतं’ म्हटलं की ऊर्जा कुठून येते ते कळतं. मोटर विजेवर चालते, पंप डिझेलवर. ही इंजिनं हायड्रोजन किंवा केरोसीनसारख्या इंधनावरच चालतात. हवेतून घेतात तो फक्त ऑक्सिजन. फुकट ऊर्जेच्या यंत्रांचे व्हिडिओ बघून पोरांच्या डोक्यात आधीच पुरेसा घोळ आहे, त्यात तक्त्याची भर नको.

ऑक्सिजन वाचवण्याचा मोह मात्र खरा आहे. स्पेस शटलच्या बाहेरच्या टाकीत सुमारे १०५ टन हायड्रोजन असायचा आणि तो जाळायला सुमारे ६३० टन ऑक्सिजन! वातावरण पार करेपर्यंत तरी हे ओझं वाचावं, एवढाच या इंजिनांचा हेतू.

‘हवा घेणारे’ अर्थाने बरोबर आहे, पण आपल्याकडे शिवारात ‘इंजिननं एअर घेतलंय’ म्हणजे नळीत हवा शिरून ते बंद पडलंय. ‘हवाखाऊ’ म्हटलं तर ते संध्याकाळी फिरायला निघालेलं वाटेल. ‘हवा ओढणारे’ मला आवडलं असतं, पण स्क्रॅमजेट, म्हणजे ध्वनीच्या कित्येक पट वेगात चालणारं असंच इंजिन, हवा ओढतच नाही. त्यात पंखा नसतो. स्वतःच्या प्रचंड वेगामुळेच हवा आत कोंबली जाते. म्हणून ते जमिनीवरून आपलं आपण सुरू होत नाही. इस्रोने २८ ऑगस्ट २०१६ला स्क्रॅमजेट तपासलं तेही रॉकेटने वर नेऊन, मॅक ६च्या (ध्वनीच्या सहापट वेगाच्या) आसपास, सुमारे ५ सेकंद. तेव्हा ‘बाहेरची हवा वापरणारे इंजिन’ लिहा. लांबट आहे, पण चूक कुठे नाही.

अशा इंजिनानं अंतराळात जाणं ‘व्यवहार्य’ आहे असं तक्त्यावर असेल तर तिथे ‘शक्य’ करा. नासाचं एक्स-४३ए हे स्क्रॅमजेट विमान २००४मध्ये मॅक ९.६ला पोचलं, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३ किलोमीटर, आणि इंजिन चाललं सुमारे १० सेकंद. पृथ्वीभोवतीच्या खालच्या कक्षेला सेकंदाला ७.८ किलोमीटरच्या आसपास वेग लागतो. वर हवा विरळ होत जाते, मग शेवटी रॉकेट आणि त्याचा ऑक्सिजन सोबत न्यावाच लागतो. दोन्ही कामं एकाच इंजिनाकडून करून घेऊ पाहणाऱ्या ब्रिटिश ‘सेबर’ इंजिनाचा हवा गार करणारा भाग २०१९च्या चाचण्यांत उत्तम चालला. ते बनवणारी कंपनी २०२४मध्ये बुडाली.

राहिलं प्रपल्शन. ‘प्रचालन’ आता कारभार चालवण्याच्या अर्थानेही वापरतात, म्हणून ‘प्रणोदन’ बरं. ‘नुद्’ म्हणजे ढकलणे. इस्रोच्या केंद्रांच्या हिंदी नावांतही ‘नोदन’ आहे. कुणी ‘रेटा’ सुचवेल, तो थ्रस्टसाठी, म्हणजे ढकलणाऱ्या बलासाठी, राखून ठेवा.