फेब्रुवारीत लग्न, चार हजार ग्राफ्ट आणि एकच दिवस

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय 27, मनीषनगरला राहतोस, कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेत, टाळूवर चंद्र दिसायला लागलाय आणि फेब्रुवारीत लग्न आहे. एका क्लिनिकवाल्याने सांगितलं की हेअर ट्रान्सप्लांटची (केस प्रत्यारोपणाची) नवी पेनवाली पद्धत आहे, टाका नाही, दुखणं नाही, एका दिवसात चार हजार ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट काढून लावलेले केसांचे झुपके. तर हे नेमकं होतं कसं, आणि पाच महिन्यांनी लग्नापर्यंत केस येतील का?

लग्नापर्यंत येणार नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. मी सहा वर्षांपूर्वी इथेच नागपुरात करून घेतलं, 2,300च्या आसपास ग्राफ्ट. तेव्हापासून ओळखीतल्या पाच-सात जणांसोबत डॉक्टरकडे जाऊन बसलोय. मी डॉक्टर नाही, पण विचारायचं काय ते आता पाठ झालंय. वयाने मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको भाऊ.

यात नवा केस तयार होत नाही, हे पहिल्यांदा डोक्यात घे. भंडारा-गोंदियाकडची धानाची रोवणी पाहिली असशील. एका बांधीतले पऱ्हे, म्हणजे रोपं, मुळाला धक्का न लावता उपटायचे आणि दुसऱ्या बांधीत रोवायचे. हे तेच काम. फरक एवढाच की पऱ्हे कमी पडले तर शेजाऱ्याकडून मागून आणता येतात, इथे तशी सोय नाही. डोक्याच्या मागे आणि कानांच्या वर जो पट्टा असतो तेवढीच आपली पऱ्ह्यांची बांधी. तिथून एकदा मूळ उपटलं की तिथे पुन्हा उगवत नाही.

तोच पट्टा का? टक्कल पडण्यामागे डीएचटी नावाचं हार्मोन असतं, टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं. कपाळाकडच्या आणि टाळूवरच्या मुळांना ते सोसत नाही. जुना केस गळून नवा येतो त्या दर फेरीला तो आणखी बारीक, आणखी आखूड येतो आणि शेवटी नुसती लव उरते. मागच्या मुळांना मात्र ते सोसतं. गंमत अशी की मुळाची जागा बदलली तरी त्याचा स्वभाव बदलत नाही. मागचं मूळ पुढे लावलं तरी ते मागच्यासारखंच वागतं. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेन्ट्राइक या डॉक्टरांनी 1950च्या दशकात हे करून दाखवलं, 1959 मध्ये प्रसिद्ध केलं, आणि आजचा सगळा धंदा त्या एका गोष्टीवर उभा आहे. त्या काळी चार मिलिमीटरचे गोल तुकडे काढून लावायचे. एकेका तुकड्यात पंधरा-वीस केस, म्हणून डोकं बाहुलीसारखं दिसायचं. पुढे मागच्या कातडीची पट्टी कापून तिचे सूक्ष्मदर्शकाखाली बारीक भाग करायची पद्धत आली. ती एफयूटी. तिच्यात टाके पडतात आणि मागे रेघ राहते. वाईट नाही ती. पण केस अगदी बारीक कापायची सवय असेल तर रेघ दिसते.

तुला जी सांगितली ती एफयूई, म्हणजे पट्टी न कापता मुळं सुटी सुटी काढायची पद्धत, आणि तिचाच पुढचा प्रकार. आपले केस एकेकटे उगवत नाहीत. एक, दोन, तीन, कधी चार असे एका झुपक्यात येतात. तो झुपका म्हणजे ग्राफ्ट. त्यामुळे कोणी 'चार हजार' म्हणालं की ग्राफ्ट की केस, हे तिथेच विचारून घे.

माझा दिवस सांगतो, त्यातून कळेल. सकाळी आठला मागचे केस मशीनने उडवले. डॉक्टरांनी कपाळावर रेघ काढली, पुसली, पुन्हा काढली, आरसा दिला. मग पालथं झोपवून भूल. 'दुखत नाही' म्हणतात ते भुलीनंतरचं खरं आहे. पण भुलीच्या सुया स्वतः चांगल्याच दुखतात, विशेषतः कपाळाच्या. दहा-पंधरा मिनिटं मी उशी गच्च धरून होतो. त्यानंतर डोकं स्वतःचं वाटतच नाही. नुसता बारीक मोटरचा आवाज आणि मधूनच 'टक्' करून ओढल्यासारखं.

त्या मोटरच्या टोकाला पंच असतो, म्हणजे धारदार काठाची पोकळ नळी, 0.8 ते 1 मिलिमीटर. ती एका झुपक्याभोवती फिरवून वरची कातडी मोकळी करायची आणि मग चिमट्याने मूळ अलगद ओढायचं. खरी मेख इथे आहे. केस कातडीतून तिरपा निघतो आणि आतला कोन बाहेरच्या कोनासारखाच असेल असं नाही. आतलं काही दिसत नाही; सगळं हाताच्या अंदाजावर. कोन थोडा चुकला की मूळ मध्येच कापलं जातं. तो ग्राफ्ट गेला, आणि मागची जागाही रिकामी झाली. कुरळ्या केसांत हे आणखी अवघड, कारण मूळही आत वळलेलं असतं. म्हणून 'किती ग्राफ्ट लावणार' यापेक्षा 'किती तुटतात' हा प्रश्न मोलाचा. चांगला डॉक्टर चिडत नाही, आकडा सांगतो.

निघालेले ग्राफ्ट थंड सलाइनच्या ताटलीत जातात. दोन ताई भिंगातून बघून एक केसवाले, दोनवाले, तीनवाले असे वेगळे लावत होत्या, ज्वारी निवडावी तशा. मूळ सुकलं की मेलं, आणि शरीराबाहेर जितका वेळ राहील तितका धोका वाढतो. दुपारी मला बसवून पोहे खायला दिले, कपाळाला पट्टी बांधून. तेवढ्यात एक ताई मला बघायला नाही, ताटलीला झाकण लावायला धावली. तिथे माझा त्या जागेवर विश्वास बसला.

लावायचे दोन रस्ते आहेत. एक, आधी सगळ्या जागी बारीक चिरा पाडायच्या (पोलादी किंवा नीलमच्या पात्याने) आणि मग चिमट्याने ग्राफ्ट बसवायचे. दुसरा, तुझा पेनवाला. त्याला चोई पेन म्हणतात. कोरियात 1990च्या दशकात निघाला. पेनच्या टोकाला पोकळ सुई, तिच्यात एक ग्राफ्ट भरायचा. सुई टोचली की भोक पडतं आणि मागचा दांडा दाबला की त्याच क्षणी ग्राफ्ट आत बसतो. मुळाला चिमट्याने कमी चिमटतात, आणि आहेत त्या केसांच्या मधे मधे लावायला बरं पडतं. पण पेन असो की नीलम, मागून काढायचं काम एफयूईचंच. केस कोणत्या दिशेला, किती तिरपा, पुढच्या ओळीत फक्त एक केसवाले ग्राफ्ट आणि त्याही थोड्या वाकड्यातिकड्या रेषेत, हे पेन ठरवत नाही. ते ज्याच्या हातात आहे तो ठरवतो.

आता चार हजारांचा हिशेब कर. आठ तासांतले चार काढायला, चार लावायला धरले तर एका ग्राफ्टच्या वाट्याला साडेतीन सेकंद. एका माणसाच्या हातून हे होणं नाही. म्हणजे तिथे चार-पाच जण एकदम हात घालणार. ते कोण आहेत, काय शिकलेत, डॉक्टर खोलीत असणार की शेजारच्या खोलीत दुसऱ्याचं डोकं बघणार, हे विचार. मी आधी ज्या पहिल्या ठिकाणी गेलो होतो तिथे ब्लेझर घातलेल्या 'सल्लागारा'ने मार्करने माझ्या भुवयांच्या दोन बोटं वर रेघ मारली, शाळेतल्या पोरासारखी, आणि डॉक्टर 'त्या दिवशी भेटतील' म्हणाला. मी रुमालाने रेघ पुसत पायऱ्या उतरलो. नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे की हे रीतसर शस्त्रक्रियेचं शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचं काम आहे. नुसत्या कार्यशाळा करून किंवा यूट्यूब बघून सुरू करायचं नाही. डॉक्टरचा महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलचा नोंदणी क्रमांक माग. त्यात लाज कसली?

आणि कोणी 'अमर्यादित ग्राफ्ट'चं पॅकेज दिलं तर आपली सावजी खानावळ आठव. रस्सा हवा तेवढा मिळतो बाप्पा, पीस मोजूनच येतात. बहुतेकांच्या मागच्या पट्ट्यातून आयुष्यभरात मिळून साधारण चार ते सहा हजार ग्राफ्टच सुरक्षितपणे निघतात. त्याहून ओरबाडलं तर मागचं डोकं कसर लागल्यासारखं दिसतं. तू 27चा. तुझे केस अजून जायचे आहेत. आज चार हजार कपाळावर आणि टाळूवर उधळले आणि पस्तिशीत मधला भाग गेला, तर पुढे झालर, मागे झालर आणि मधे कस्तुरचंद पार्कचं मोकळं मैदान. तेव्हा भरायला काय उरणार? टाळू तर फार ग्राफ्ट खाते आणि दिसतं कमी. तुझ्या वयात शहाणा डॉक्टर टाळूला हात लावायला सहसा तयार होत नाही.

म्हणून आधी आहेत ते केस धरून ठेवायचं बघतात. मिनॉक्सिडिल वरून लावायचं, फिनास्टेराइड 1 मिलिग्रॅमची गोळी पोटातून. गोळी डीएचटी कमी करते. थोड्या लोकांना कामेच्छा कमी होणं वगैरे त्रास होतो, तेव्हा लग्नाच्या तोंडावर हे डॉक्टरशी मोकळेपणी बोल. मेडिकलवाल्याला विचारून सुरू करू नको.

लग्नाचं गणित असं. पहिले दहा दिवस खपल्या. तिसऱ्या दिवशी माझी कपाळावरची सूज डोळ्यांवर उतरली, आई दार उघडून म्हणाली, "काय रे बाप्पा, मधमाशा डसल्या काय तुले?" ती दोन दिवसांत गेली. तिसऱ्या आठवड्यात अंघोळ करताना लावलेले केस हातात यायला लागले. मी रात्री साडेनऊला डॉक्टरांना फोन केला. ते हसले. केस गळतो, मूळ आत राहतं. हे जवळपास सगळ्यांचं होतं. काही वेळा आजूबाजूचे जुने केसही धक्क्याने गळतात. नवे यायला तिसरा-चौथा महिना लागतो, तेही सुरुवातीला बारीक आणि वाकडे. डोळ्यात भरण्यासारखं सहा ते नऊ महिन्यांत, पूर्ण वर्षाने, टाळूवर त्याहून उशिरा. म्हणजे आत्ता केलंस तर हळदीच्या फोटोत नवे केस अजून विरळ आणि बारीकच दिसण्याची शक्यता जास्त.

लग्न होऊ दे. त्या दिवसापुरते केसांचे फायबर शिंपडतात, फोटोत कळत नाही. फक्त मंगलाष्टकांच्या अक्षता पडताना डोकं खाजवू नको. त्यानंतर करायचंच ठरलं तर मार्च ते जून टाळ. नागपूरचं ऊन, घाम, धूळ आणि त्यावर हेल्मेट, हे सगळं ताज्या ग्राफ्टला नको असतं. मी नोव्हेंबरात केलं आणि पंधरा दिवस घरून काम केलं. पहिला आठवडा उशांचा ढीग लावून अर्धवट बसून झोपलो.

तोवर एक काम कर. केस ओले करून मागच्या पट्ट्याचा, दोन्ही बाजूंचा आणि टाळूचा फोटो दिवसाच्या उजेडात काढून इथे टाक, चेहरा नको. वडील आणि मामा यांचे केस कोणत्या वयात किती गेले तेही लिही. मग रामदासपेठ-धंतोलीतल्या डॉक्टरांकडे जाताना कोणते प्रश्न न्यायचे ते तुझ्या डोक्यापुरतं सांगतो.