कंसातला आकडा म्हणजे डुप्लिकेट नव्हे

तुम्ही लिहिलंय की डाउनलोड्समध्ये ९,००० च्या वर फाइली साठल्यात आणि येत्या रविवारी नावापुढे (१), (२) असलेल्या सगळ्या 'डुप्लिकेट' एकदम उडवणार आहात. कृपा करून तसं करू नका. मी २०२१ मध्ये नेमकं हेच केलं होतं आणि त्याचा त्रास पुढे आठ महिने काढला. मी संगणकातली तज्ज्ञ नाही, एका शाळेत लिपिक आहे. त्यामुळे माझं सगळंच बरोबर असेल असं नाही, पण हे एवढं अंगावर आलेलं आहे म्हणून लिहिते.

कंसातला आकडा ब्राउझर टाकतो, तो फक्त एवढ्यासाठी की त्या नावाची एक फाइल फोल्डरमध्ये आधीच आहे. आत काय आहे हे तो बघत नाही. आणि आपल्याकडची कितीतरी संकेतस्थळं दर वेळी एकाच नावाने फाइल देतात. माझ्याकडे घरपट्टीच्या पावत्या होत्या, सगळ्यांचं नाव 'रिसीट'. मग रिसीट, रिसीट (१), रिसीट (२)... प्रत्येक वेगळ्या वर्षाची. मी पहिली ठेवली आणि बाकीच्या शिफ्ट धरून डिलीट केल्या, म्हणजे रिसायकल बिनमध्येही गेल्या नाहीत. त्या दिवशी अडीच जीबी जागा मोकळी झाली म्हणून फार बरं वाटलं होतं.

पुढच्या वर्षी वडील गेले. घराला आईचं नाव लावायला गेलो, तर घरपट्टी कार्यालयाच्या खिडकीवर सांगितलं की तीन वर्षांची थकबाकी दिसते. मधल्या काळात त्यांची प्रणाली बदलली होती आणि जुना भरणा नवीन नोंदीत आलाच नव्हता. चूक त्यांची, पण पुरावा मी द्यायचा. "मॅडम, पावती दाखवा, नाहीतर भरा." जुन्या प्रणालीत बघा म्हटलं तर ती आता उघडत नाही म्हणे. लेखी अर्ज दिला, पोच मागितली तर साहेब नाहीत. पाच फेऱ्या झाल्या, त्यातल्या दोन आईला सोबत घेऊन, कारण सही तिचीच हवी होती. सत्तरीच्या बाईला त्या बाकावर दोन-दोन तास बसवलं. त्याचा राग मला अजून येतो, तेव्हा सूर चढला असेल तर समजून घ्या.

बँकेचं स्टेटमेंट नेलं. त्यात तारीख, रक्कम आणि पेमेंट गेटवेचं (ऑनलाइन पैसे पोचवणाऱ्या मधल्या कंपनीचं) नाव, मिळकत क्रमांक कुठेच नाही. मानलं नाही. रेकुव्हा नावाच्या, डिलीट झालेल्या फाइली शोधणाऱ्या प्रोग्रामने त्या परत आणायचा प्रयत्न केला, पण माझ्या लॅपटॉपला एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली नवीन प्रकारची डिस्क आहे. त्यात डिलीट झालेली जागा 'ट्रिम' नावाच्या सोयीमुळे लवकरच खरोखर पुसली जाते, त्यामुळे जुन्या हार्ड डिस्कसारखी आशा नसते. शेवटी दोन वर्षांच्या पावत्या ईमेलमध्ये सापडल्या. तिसऱ्या वर्षी मी ईमेलचा रकाना रिकामा सोडला होता. त्या वर्षाचे ७,२४० रुपये पुन्हा भरले.

आणखी एक. आकड्यावरून क्रमही कळत नाही. मूळ फाइल तुम्ही दुसरीकडे हलवली की पुढचं डाउनलोड परत बिनआकड्याचं येतं. म्हणजे बिनआकड्याची ती सगळ्यात जुनी, हेही धरून चालू नका. उलट व्हॉट्सॲपवरून दोनदा आलेली एकच पीडीएफ दोन वेगळ्या नावांनी बसलेली असू शकते. खरे डुप्लिकेट काढायचेच असतील तर आतला मजकूर ताडून बघणारा प्रोग्राम घ्या. मी डुपगुरू वापरते, फुकट आहे. त्यात तुलना नावावर नको, 'कन्टेन्ट्स'वर ठेवा, आणि सापडलेल्या फाइली रिसायकल बिनमध्येच जाऊ द्या. महिनाभर बिन रिकामी करू नका.

विंडोजमधलं 'स्टोरेज सेन्स'ही एकदा तपासा. बराच काळ न उघडलेल्या डाउनलोड्समधल्या फाइली आपोआप काढायचा पर्याय त्यात असतो, तो 'नेव्हर'वर हवा. हीच सोय ३० दिवसांनी रिसायकल बिनही साफ करू शकते, तेही बघून घ्या.

फोल्डर कसे करायचे यावर इथे बऱ्याच जणांनी पीडीएफ वेगळे, फोटो वेगळे, एक्सेल वेगळे असं सुचवलंय. मला ते मुळीच पटत नाही. कागद आपण कामासाठी शोधतो, प्रकारासाठी नाही. घर, बँक, आईचा दवाखाना, मुलीची शाळा असे सात-आठ फोल्डर पुरतात. त्यात खोल-खोल उपफोल्डर करू नका. सगळ्या फोल्डरांची आणि फाइलचं नाव धरून पूर्ण वाट (पाथ) २६० अक्षरांपुढे गेली की विंडोजमध्ये कॉपी करताना अडायला लागतं. नावात वर्ष आधी, मग महिना, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. माझी आताची पावती '२०२४-०४ घरपट्टी पावती' अशी असते. सरकारी पोर्टलवर चढवायची फाइल मात्र साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवा, मराठी नाव काही ठिकाणी नाकारलं गेल्याचा मला अनुभव आहे.

क्रोममध्ये प्रत्येक डाउनलोडआधी 'कुठे ठेवू' असं विचारायचं सेटिंग आहे, ते चालू करा. पहिले चार दिवस कटकट वाटेल. पण नाव तिथेच बदलता येतं, आणि नवीन पसारा निम्म्याहून कमी होतो. जुना पसारा बसून लावत बसू नका, असं मी तरी म्हणेन. सगळा एका फोल्डरमध्ये 'जुनं' म्हणून टाका, बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक प्रत घ्या आणि लागेल तेव्हा 'एव्हरीथिंग' नावाच्या प्रोग्रामने शोधा. ते नावावरून क्षणात शोधून देतं. जागाच हवी असेल तर मोठे व्हिडिओ आणि जुने इन्स्टॉलर काढा, पीडीएफ उडवून जागा फारशी मिळत नाही.

तुम्ही ओघात लिहिलंय की गृहकर्जाची हप्त्याची स्टेटमेंट त्याच ढिगात आहेत आणि सगळ्यांचं नाव एकच आहे. रविवारची वाट न बघता ती एकेक उघडून, वर्ष घालून, आज रात्रीच बाजूला काढा.