तेच 13 कोटी दोनदा

प्रश्न : आमच्या नागरी सहकारी बँकेच्या अहवालावर ‘ठेवी 400 कोटी, कर्जे 250 कोटी, राखीव व इतर निधी 31 कोटी, निव्वळ एनपीए 2.95 टक्के, ऑडिट वर्ग अ’ असे ठळक छापले आहे. एवढ्यावर विसंबून निवृत्तीची रक्कम ठेवावी का? (अहवालाची प्रत सोबत जोडली आहे.) – एक निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

उत्तर : मुखपृष्ठ सोडा, ताळेबंद उघडा. ‘गंगाजळी व इतर निधी’ या शीर्षाखाली एक ओळ आहे : संशयित व बुडीत कर्ज निधी, 13 कोटी. बँकेचे ढोबळ एनपीए, म्हणजे 90 दिवसांहून जास्त थकलेली कर्जे, 20 कोटी, म्हणजे कर्जाच्या 8 टक्के. त्यातून हे 13 कोटी वजा केले म्हणून 7 कोटी उरले आणि निव्वळ प्रमाण (कर्जांतूनही 13 वजा, म्हणजे 7 भागिले 237) 2.95 टक्क्यांवर आले. इथवर सगळे नियमाला धरून आहे. पण तेच 13 कोटी ‘राखीव निधी’च्या 31 कोटींतही मोजले आहेत. बुडालेल्या कर्जापोटी बाजूला काढलेला पैसा पुन्हा ताकद म्हणून मिरवता येत नाही. 31 मधून 13 गेले की 18 राहतात; त्यात भागभांडवल 10 कोटी मिळवा. खरी उशी 28 कोटींची.

याला जोखीमभारित मालमत्तेने (जोखमीनुसार वजन देऊन मोजलेली कर्जे व गुंतवणूक; टिपांमध्ये 200 कोटी दिली आहे) भागले की सीआरएआर, म्हणजे भांडवल पर्याप्ततेचे प्रमाण, 14 टक्के येतो. रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत 100 ते 1000 कोटी ठेवींची नागरी बँक दुसऱ्या स्तरात मोडते आणि अशा बँकेला 12 टक्के गाठण्यासाठी 31 मार्च 2026 ची मुदत दिली होती. म्हणजे आज बँक बरी आहे, भक्कम म्हणण्याइतकी नाही. ‘ऑडिट वर्ग अ’ला फार वजन देऊ नका, तो मागच्या मार्चचा शेरा असतो.

प्रश्न : माझे टॉवेलचे माग आहेत, ठेवही याच बँकेत आहे. धंदा बसला तर बँक तग धरेल का? रिझर्व्ह बँक करते तशी ‘स्ट्रेस टेस्ट’ घरी करता येईल का? – एक कारखानदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : ‘स्ट्रेस टेस्ट’ म्हणजे वाईट काळ आला तर बँक किती तग धरेल याची आकड्यांतली चाचणी. ती करता येईल, साध्या कॅल्क्युलेटरवर. रिझर्व्ह बँकेच्या जून आणि डिसेंबरच्या वित्तीय स्थैर्य अहवालांत नागरी बँकांच्या चाचण्याही असतात : कर्जे थकली तर, मोजके मोठे कर्जदार एकदम बुडाले तर, व्याजदर हलले तर, ठेवीदार एकदम दारात आले तर. निकाल मात्र गोळाबेरीज असतो, तुमच्या बँकेचे नाव त्यात सापडणार नाही.

अहवालातील क्षेत्रनिहाय तक्त्यात वस्त्रोद्योगाला 60 कोटी दिसतात. त्यातील चौथाई, 15 कोटी थकले असे धरा. ढोबळ एनपीए 20 वरून 35 कोटी, म्हणजे 14 टक्के. पहिल्या वर्षी नियमाने तरतूद (बुडण्याच्या शक्यतेपोटी बाजूला काढायची रक्कम) 10 टक्केच लागते आणि इथेच गफलत होते : दीड कोटीत भागले असे वाटते. चाचणीत निम्मी रक्कम बुडीत धरावी, साडेसात कोटी. मग भांडवल 28 वरून 20.5 कोटी, जोखीमभारित मालमत्ता 192.5 कोटी, सीआरएआर 10.65 टक्के. निव्वळ एनपीए 6.3 टक्के. 12 ची पायरी सुटली, आणि निव्वळ एनपीए 6 टक्क्यांवर गेले की रिझर्व्ह बँकेच्या ‘तातडीच्या सुधारणा कारवाई’चा (कमकुवत बँकेवर निर्बंध घालण्याच्या चौकटीचा) पहिला उंबरठा ओलांडला जातो. ही चौकट दुसऱ्या स्तरापासून वरच्या नागरी बँकांना 1 एप्रिल 2025 पासून लागू आहे. त्या वर्षीचा नफा मधे आला तर घाव तेवढा हलका.

सोलापुरात चौथाईचा अंदाजही सौम्य ठरू शकतो. सूत व्यापारी, सायझिंग, डाईंग, मालाचा टेम्पो, पूर्व भागातले घरकर्ज : तक्त्यात पाच शीर्षे, पण दोर एकच. माग थांबले की पाचही हप्ते अडतात, आणि तारण जागाही एकाच पेठेत असल्याने विकायला काढल्या की भाव पडतो. म्हणून 60 ऐवजी 90 कोटी धरून गणित पुन्हा करा.

आणखी एक पडताळणी, कारण वरचे गणित बँकेचे आकडे खरे धरून केले आहे. मार्च अखेरीस नवे कर्ज देऊन जुने फेडून घेतात, त्याला आपण नवे-जुने म्हणतो. खाते 90 दिवसांच्या थकबाकीत जातच नाही. हे व्याजात पकडता येते. बँक सरासरी 11.5 टक्के आकारते आणि 92 टक्के कर्जे वेळेवर फिटतात असे सांगते, तर 250 कोटींच्या सरासरी कर्जावर सुमारे 26 कोटी व्याज जमा व्हायला हवे. नफा-तोटा पत्रकात 22 कोटीच असतील तर उरलेल्या 4 कोटींचा खुलासा सप्टेंबरअखेरच्या सर्वसाधारण सभेत मागा. ‘येणे व्याज’ कर्जापेक्षा वेगाने वाढले असेल तर तोही इशारा. मुळातच खाती खोटी असतील तर मात्र बाहेरून काही दिसत नाही : पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेत एका बांधकाम समूहाची कर्जे 21,049 बनावट खात्यांआड दडवल्याची फिर्याद 2019 मध्ये झाली.

प्रश्न : ठेवींना 5 लाखांचे संरक्षण आहेच, मग हा खटाटोप कशाला? पतसंस्था तर एक टक्का जास्त देते. – एक गृहिणी, होटगी रोड

उत्तर : 5 लाख (4 फेब्रुवारी 2020 पासून, आधी 1 लाख) हे एका बँकेत एका ठेवीदाराचे, सर्व शाखा आणि व्याज धरून. 4,80,000 वर 35,000 व्याज साचले तरी हाती 5,00,000 च. तुमची, पतीची आणि संयुक्त ठेव वेगवेगळी मोजली जाते. संयुक्त ठेवीत नावांचा क्रम बदलला तर तीही वेगळी. व्यवहारांवर सर्वंकष निर्बंध आले तर 2021 च्या दुरुस्तीनुसार विम्याची रक्कम 90 दिवसांत मिळते. वरची अडकते : पीएमसीच्या विलीनीकरणात 5 लाखांवरील मोठ्या ठेवींचे हप्ते दहा वर्षांपर्यंत लांबले.

पतसंस्थेला हा विमा नाही, एक रुपयाचाही नाही. नावात ‘क्रेडिट सोसायटी’ किंवा ‘मल्टिस्टेट’ असले तरी तेच. डीआयसीजीसी या ठेव विमा देणाऱ्या महामंडळाच्या संकेतस्थळावर विमा असलेल्या बँकांची यादी आहे. पैसे भरण्याआधी त्यात नाव शोधा.