सामाईक भिंतीत गर्डर घालण्याआधी शेजाऱ्यांना कळवावं का?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या तुमच्या जुन्या घराची एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे, तिच्यात लोखंडी गर्डर बसवायचाय, आणि आधी सांगितलं तर ते काम अडवतील अशी भीती तुम्हाला वाटते. तरीही सांगा, आणि गवंड्याला बयाणा देण्याआधी सांगा.

इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्यानुसार अशा भिंतीचं काम काढायच्या दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही. पण १८८२ चा ईझमेंट ॲक्ट, म्हणजे शेजारच्या मालमत्तेवरच्या हक्कांचा कायदा, आहे. एका घराला शेजारच्या भिंतीचा आधार वीस वर्षं हक्कानं आणि विनाखंड मिळाला असेल, तर तो काढून घेता येत नाही. न सांगता भिंत फोडली आणि त्यांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला, तर फोडलेली भिंत ऐन पावसात तशीच उघडी राहील.

मला खरी काळजी वाटते ती तुळयांची. आपल्याकडची जुनी घरं लाकडी सांगाड्याची. पलीकडच्या तुळईचं टोक भिंतीत कुठे आणि किती आत शिरलंय, हे तुमच्या खोलीतून दिसत नाही. त्याच जागी खाच पाडली तर त्यांचं माळवद खचेल. म्हणून मिस्त्रीला घेऊन त्यांच्या घरी जा, घरातली मोठी माणसं असतील अशा वेळी. गर्डर किती उंचीवर येणार, टेकू कुठे लागणार, ठोकाठोकी किती दिवस चालणार, सगळं दाखवून सांगा. आधीच्या तड्यांचे फोटो दोघांनी मिळून काढा. नुकसान झालं तर दुरुस्ती तुमच्या खर्चानं, हे स्वतःहून कागदावर लिहून द्या आणि दोघांच्या सह्या घ्या. त्यांच्याकडे कोणी आजारी असेल किंवा मुलांची बोर्डाची परीक्षा असेल, तर तारीख पुढे ढकला. एवढं तर शेजाऱ्यासाठी करायलाच हवं.

सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड आणि खरेदीखतातली चतुःसीमा आधी बघून ठेवा. महापालिकेची परवानगी वेगळी, शेजाऱ्यांच्या होकारानं ती भागत नाही. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी तुमच्या घरात आलं असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाया तपासून घ्या.

इतकं करूनही ते नाहीच म्हणाले, तर गर्डर तुमच्याच हद्दीत खांब उभे करून त्यावर टेकवता येतो का, हे त्याच इंजिनिअरला विचारा. खर्च वाढेल, पण सामाईक भिंतीला हात लावावा लागणार नाही. खांबांचा पाया भिंतीलगत खणायचा असेल, तर तेही त्यांना आधी सांगा.