काळं छप्पर आणि एचओएचं मौन

डॅलसजवळच्या फ्रिस्कोहून एक वाचक लिहितात: गारपिटीत छप्पर फुटलं, विम्याचे पैसे आले, नव्या शिंगलसाठी (छपरावर बसवायच्या पातळ फरशांसाठी) एचओएकडे, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेकडे, अर्ज टाकला. पाच आठवडे उत्तर नाही. रूफरला, म्हणजे छप्पर बसवणाऱ्याला, शनिवार मोकळा होता, काम उरकून घेतलं. आता नोटीस आली आहे: आख्ख्या गल्लीत तपकिरी छपरं, तुमचं एकट्याचं कोळशासारखं काळं, बदला, नाहीतर दंड. ‘त्यांनी उत्तरच दिलं नाही, म्हणजे मंजुरीच ना?’

गारांचा मोसम सरला की अशी पत्रं येतातच. काळा रंग शोभतो की नाही, या वादात मी पडत नाही.

तुमच्या वसाहतीच्या डीड रिस्ट्रिक्शन्समध्ये (घरांवरच्या नोंदणीकृत अटींत) आर्किटेक्चरल कमिटीचं, म्हणजे घराच्या बाह्यरूपातले बदल मंजूर करणाऱ्या समितीचं, प्रकरण काढा. सापडत नसेल तर काउंटी क्लार्ककडे (स्थानिक नोंदणी कार्यालयात) नोंदलेली प्रत मिळते. त्यात बहुधा एक वाक्य असतं: अमुक दिवसांत उत्तर न आल्यास अर्ज... पुढचा शब्द ‘मंजूर’ की ‘नामंजूर’? मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत. ‘नामंजूर’ असेल तर तुमचा मुद्दा तिथेच संपला. ‘मंजूर’ असेल तरी मुदत कधीपासून मोजायची ते वाचा. बहुतेक ठिकाणी ‘पूर्ण अर्ज मिळाल्यापासून’ असतं. आणि तुम्ही पाठवलेल्या प्रतीत रंगापुढे एकच शब्द आहे, ‘गडद’. कंपनी नाही, रंगाचं नाव नाही, नमुना नाही. अहो, रूफर तळहाताएवढा तुकडा फुकट देतो! समोरचा वकील म्हणणार, अर्ज अपुरा होता, घड्याळ सुरूच झालं नाही. कमिटीने मधल्या काळात पोच दिली असेल आणि काही कमी आहे असं कळवलं नसेल, तर तुमची बाजू थोडी सावरते. ती ईमेल शोधा.

‘शिंगल गारारोधक आहे, मग कायदा माझ्या बाजूने’, हे अर्धंच खरं. टेक्सस प्रॉपर्टी कोडचं कलम २०२.०११ अशा शिंगलला संरक्षण देतं, पण ती वसाहतीतल्या इतर शिंगलसारखी दिसली पाहिजे, ही अटही घालतं. गारारोधकतेच्या क्लास ४ चाचणीत २ इंची पोलादी गोळा २० फुटांवरून टाकतात. रंग कोणी विचारत नाही.

आता घाईचं. एचओएच्या बोर्डापुढे सुनावणी मागायला ३० दिवस आहेत, तेही नोटीस टपालात पडल्यापासून, तुम्ही सही करून घेतल्यापासून नव्हे. सर्टिफाइड मेलची चिठ्ठी १२ दिवस फ्रिजवर लटकत होती, असं तुम्हीच लिहिता. ते दिवस गेले. लेखी मागणी आजच पाठवा. ती मिळाल्यापासून ३० दिवसांत बोर्डाला सुनावणी घ्यावी लागते. कोर्टाचं नाव तूर्त नको. तिथे तारखा लांबतात, आणि दावा त्यांनी लावून जिंकला तर त्याच कोडच्या कलम ५.००६ खाली त्यांच्या वकिलाचं बिलही तुमच्याच माथी.

तोवर एकही शिंगल उखडू नका. गॅरेजात उरलेलं बंडल असेल तर त्यातला तुकडा सुनावणीला न्या. नोटिशीतल्या फोटोपेक्षा चारकोल उन्हात बराच राखाडी दिसतो.