उद्योग-सल्ला : विक्री वाढते, पण हाती काय उरते?

या महिन्यात खान्देशातून आलेल्या पत्रांपैकी तीन येथे घेतली आहेत. तिघांचे धंदे वेगळे असले तरी अडचण एकाच जागी आहे : मागणी समोर उभी आहे आणि ती पुरवताना पैसा कुठे अडकेल, याचा हिशेब मांडलेला नाही. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे.

प्रश्न : फैजपूर–सावदा रस्त्यावर आमचे केळीच्या वेफर्सचे छोटे दुकान आहे. गिऱ्हाइकासमोर तळून देतो, त्यामुळे रोखीची विक्री चांगली आहे. आता पुण्यातील एका वितरकाने महिन्याला २०० ग्रॅमची दोन हजार पाकिटे मागितली आहेत. पैसे ६० दिवसांनी मिळतील आणि न खपलेला माल परत घ्यावा लागेल. कर्ज काढून मोठे यंत्र घ्यावे का?

उत्तर : यंत्राचा विचार सध्या बाजूला ठेवावा आणि आधी एका पाकिटाचा हिशेब कागदावर मांडावा. समजा, छापील किंमत ६० रुपये आहे. दुकानदाराने १२ आणि वितरकाने ५ रुपये ठेवले की तुमच्या बिलाची रक्कम ४३ होते आणि त्यातून जीएसटी वजा जाता सुमारे ४१ रुपये उरतात. केळी, तेल, गॅस, मजुरी आणि पाऊच मिळून ३० रुपये, पुण्यापर्यंतचे गाडीभाडे ३ रुपये आणि परत येणाऱ्या मालापोटी (शंभरात पाच पाकिटे) २ रुपये धरले, तर पाकिटामागे ६ रुपये हाती राहतात. हेच पाकीट तुमच्या दुकानातून ६० रुपयांना रोख विकले गेले, तर दुकानाचा खर्च काढूनही वीस रुपयांच्या आसपास उरतात. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या कढईवर एक किलो वेफर्सला किती केळी आणि किती तेल लागते, हे तुम्ही स्वतः मोजून त्या जागी तुमचे आकडे भरावेत. हे मोजमाप आठवडाभर रोज केले पाहिजे, कारण रावेर आणि बऱ्हाणपूरचे केळीचे भाव हलले की तुमचे तीस रुपये तीस राहत नाहीत.

दोन हजार पाकिटांमागे महिन्याला १२,००० रुपये सुटतील, असे यावरून दिसते. परंतु माल तयार करणे, पोहोचवणे आणि ६० दिवसांची उधारी मिळून सुमारे ८० दिवस तुमचा पैसा बाहेर राहील. पाकिटामागे ३३ याप्रमाणे महिन्याला ६६,००० रुपयांचा खर्च धरला तर कोणत्याही दिवशी पावणेदोन लाख रुपये अडकलेले असतील. त्यावर १२ टक्क्यांनी महिन्याला पावणेदोन हजारांच्या आसपास व्याज जाते. परत येणारा माल शंभरात पाचावरून दहावर गेला, तर आणखी चार हजार जातात. शेवटी सहा हजारांच्या आसपास उरतात, आणि त्यात यंत्राचा हप्ता अजून धरलेलाच नाही. शिवाय जीएसटी बिलाच्या तारखेप्रमाणे भरावा लागतो, वितरकाचे पैसे येण्याची वाट सरकार पाहत नाही.

म्हणून हा व्यवहार नाकारावा असे मी म्हणणार नाही. तो तुमच्या अटींवर करावा. पहिले तीन महिने पाचशेच पाकिटे द्यावीत, परतीची मर्यादा शंभरात पाच अशी लेखी ठरवावी आणि वितरकाने माल मिळताच पैसे दिले, तर पाकिटामागे एक-दीड रुपया कमी घेण्याची तयारी दाखवावी. ६० दिवसांच्या उधारीचे व्याज पाकिटामागे रुपयाच्या आतच पडते, म्हणजे ही सवलत तुम्हाला जवळजवळ फुकट पडते आणि पैसे बुडण्याची भीती मात्र जाते. माझ्या मते संपूर्ण वाटाघाटीत सर्वांत जोर येथे लावायला हवा.

परतीचे मूळ कारण बहुतेक वेळा तेलाचा खवट वास असते. तुमच्या दुकानात वेफर्स त्याच दिवशी संपतात, त्यामुळे हा दोष तुम्हाला कधी दिसलाच नसेल. पुण्याच्या दुकानात तेच पाकीट दोन महिने टांगलेले राहील. त्यामुळे नायट्रोजन भरून बंद केलेली बहुस्तरीय पिशवी लागेल. अशी पन्नास पाकिटे घरातील गरम खोलीत ठेवून दर आठवड्याला दोन फोडावीत आणि चव बिघडते तो आठवडा लिहून ठेवावा. पाकिटावर टिकण्याचा काळ त्यापेक्षा कमीच छापावा. निव्वळ वजन, छापील किंमत, उत्पादनाची तारीख, पत्ता, ग्राहक संपर्क क्रमांक आणि अन्नसुरक्षा परवान्याचा (एफएसएसएआय) १४ अंकी क्रमांक ह्या गोष्टी पाकिटावर असायलाच हव्यात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे खरे असले तरी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाल्याशिवाय मानांकनाचे बोधचिन्ह छापू नये.

पुण्याइतकी दूर धाव घेण्यापूर्वी भुसावळ आणि जळगावच्या स्थानक परिसरातील दुकाने पाहावीत. तेथे गाडीभाडे कमी आहे आणि वसुलीला स्वतः जाता येते. बऱ्हाणपूर जवळ असले तरी ते मध्य प्रदेशात आहे. वस्तूंच्या विक्रीसाठी ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीला मिळणारी जीएसटी नोंदणीची सूट परराज्यात माल विकताच लागू राहत नाही, हे लक्षात ठेवावे. यंत्र सहा महिन्यांच्या नियमित मागणीनंतर घ्यावे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत भांडवली खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. सध्या अर्ज घेतले जातात का, याची चौकशी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात करावी. अनुदान मिळते म्हणून मात्र यंत्र घेऊ नये.

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत माझे छोटे वर्कशॉप आहे. एका मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवतो. पैसे चार-चार महिने येत नाहीत आणि तगादा लावला तर काम जाईल अशी भीती वाटते.

उत्तर : उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, झालेली नसेल तर ती आधी करावी; ती ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे. माल पुरवल्यानंतर केलेली नोंदणी जुन्या बिलांच्या कामी येईलच असे नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, आणि करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत खरेदीदाराने पैसे द्यायचे असतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. यावर आणखी परिणामकारक अशी आयकराची तरतूद १ एप्रिल २०२४ पासून आली आहे : सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च करात दाखवता येत नाही. ती उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे, निव्वळ व्यापाऱ्यांसाठी नाही. तुम्ही उत्पादक असल्याने तिच्यात बसता. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापावा, म्हणजे कंपनीचा लेखाविभाग वर्षअखेरीस स्वतःहून तुमची फाईल शोधेल.

लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांसाठी असलेल्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, परंतु तो मार्ग मी शेवटी ठेवीन. आधी बिल नेमके कोणत्या टेबलावर थांबते ते पाहावे. खरेदी आदेशातील आणि बिलातील वर्णन जुळत नाही, किंवा माल पोहोचल्याची सही घेतलेली नाही, अशा किरकोळ कारणांनीच पुष्कळ बिले पडून राहतात. माल उतरवला त्याच दिवशी शिक्क्यासह पोहोच घेण्याची सवय लावावी. कंपनीची उलाढाल २५० कोटींहून अधिक असेल तर ‘ट्रेड्स’ या बिलांवर पैसे उभे करण्याच्या ऑनलाइन मंचावर नोंदणी करणे तिला बंधनकारक आहे. तिने तेथे तुमचे बिल मान्य केले की वित्तसंस्था थोडी कसर कापून तुम्हाला लगेच पैसे देते. हे मागणे तगाद्यासारखे वाटत नाही, म्हणून संबंध सांभाळून करता येते. दरम्यान दुसरा ग्राहक शोधण्यासाठी आठवड्यातील एक दिवस राखून ठेवावा. निम्म्याहून अधिक विक्री एकाच दारात असेपर्यंत तुमची भीती कायद्याने जाणार नाही.

प्रश्न : अमळनेरजवळच्या आमच्या बचत गटातील बारा जणी उन्हाळ्यात उडदाचे पापड आणि ज्वारीचे बिबडे करतो. माल सगळा खपतो, तरी वाटणीला फारसे काही येत नाही. भाव वाढवला तर बायका घेतील का?

उत्तर : ताई, माल सगळा खपत असेल तर भाव कमी आहे, हे उघड आहे. तुम्ही उडीद, तेल आणि पापडखाराचा खर्च धरला असणार, पण बारा जणींचे श्रम त्यात धरलेले दिसत नाहीत. शेतातील रोजाच्या दराने प्रत्येकीचे तास लिहावेत, ते किलोत वाटावेत आणि त्यावर नवा भाव ठरवावा. गावातील नेहमीच्या गिऱ्हाइकांना जुना भाव एक हंगाम चालू ठेवला तरी हरकत नाही; नवा भाव सुरतमध्ये लावावा. उधना, लिंबायत भागांत खान्देशी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, अमळनेरहून थेट रेल्वे आहे आणि बिबड्यांची चव तेथे समजावून सांगावी लागत नाही. मात्र गुजरातेत विक्री म्हणजे परराज्यातील विक्री, त्यामुळे जीएसटीबाबत करसल्लागाराला विचारूनच पहिली खेप पाठवावी. मागणी फाल्गुनातच नोंदवून घ्यावी आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, म्हणजे उडीद खरेदीसाठी गटाला कर्ज काढावे लागणार नाही.